कोरफड जेलसाठी कोणती चाचणी घ्यावी: प्लेट काउंट, ४० अंशांची पेटी की चॅलेंज टेस्ट?

विदर्भातल्या बचत गटांच्या स्टॉलवर भिवापुरी तिखट, वायगावची हळद आणि मोहाचे लाडू यांच्या शेजारी आता कोरफड जेल, हळदीचं क्रीम, कडुनिंबाचा फेसवॉश दिसू लागला आहे. माल नागपूरच्या प्रदर्शनात मांडला किंवा ऑनलाइन टाकला की गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारतं. लॅबचा रिपोर्ट आहे का? आणि किती महिने टिकतं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण गटाकडे पैसे असतात एकाच चाचणीचे. लॅबच्या दरपत्रकात चार-पाच नावं असतात आणि खूण सगळ्यात स्वस्त ओळीवर होते.

मग श्रावणात बरणी परत येते. "रिपोट त चांगला आला होता ना जी, मंग बुरशी कायची आली?" वर्धा-यवतमाळकडच्या गटांमध्ये हा प्रश्न मी वारंवार ऐकला आहे. यात रिपोर्ट खोटा नसतो. भरल्या दिवशी माल स्वच्छ होता, एवढंच त्यानं सांगितलेलं असतं. बरणी उघडून दोन महिने बोटं बुडवल्यावर काय होईल, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आधी पाण्याचं बघा

चाचण्यांची तुलना करण्याआधी आपला माल कोणत्या गटात बसतो ते ठरवा, कारण काही मालाला महागडी चाचणी लागतच नाही. जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. ते 'वॉटर ॲक्टिव्हिटी' या मापानं मोजतात. शुद्ध पाण्याचा आकडा १. बहुतेक जीवाणू ०.९० च्या खाली वाढत नाहीत. पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस तग धरणारा, तो साधारण ०.८६ पर्यंत वाढतो. बुरशी त्याहून चिवट, पण ०.६० च्या खाली कुठलाच जंतू वाढत नाही. हा आकडा ओलाव्याच्या टक्क्यांपेक्षा वेगळा आहे. मधात जवळपास पाचवा हिस्सा पाणी असतं, तरी साखरेनं ते धरून ठेवल्यामुळे मध टिकतो.

सौंदर्यप्रसाधनांसाठी आयएसओ २९६२१ हे मानक कमी जोखमीचा माल वेगळा काढतं. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.७५ किंवा कमी, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितका माल आंबट) ३ किंवा त्याखाली, पीएच १० किंवा त्यावर, अल्कोहोल २० टक्के किंवा जास्त, यांतलं काही असेल तर जंतू वाढण्याची शक्यता फार कमी. म्हणजे तेल, मेणाचा बाम, कोरडं उटणं यांना चॅलेंज टेस्टचा, म्हणजे मालात मुद्दाम जंतू सोडून बघण्याच्या चाचणीचा, खर्च बहुतेक वेळा अनावश्यक. त्यांची वॉटर ॲक्टिव्हिटी मोजा, एकदा प्लेट काउंट (जिवंत जंतूंची मोजणी) करा आणि डबा हवाबंद ठेवा. वॉटर ॲक्टिव्हिटीची चाचणी स्वस्त आहे आणि उत्तर त्याच दिवशी मिळतं. कोरड्या मालाबाबत एक मात्र विसरू नका: कोरडेपणानं जंतू वाढायचे थांबतात, मरत नाहीत. हळदीच्या पुडीत बॅसिलस या जीवाणूचे बीजाणू सुखानं पडून असतात. तीच हळद पाण्याच्या क्रीममध्ये घातली की आपण आपल्या हातानं जंतू आत सोडतो. हळदीच्या क्रीमचा काउंट कोरफड जेलपेक्षा जास्त का येतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

पुढची सगळी चर्चा पाणी असलेल्या मालाची: जेल, क्रीम, लोशन, फेसवॉश.

प्लेट काउंट

नमुन्यातले जिवंत जंतू मोजतात आणि घातक चार शोधतात: ई. कोलाय, स्यूडोमोनस एरुजिनोसा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. आयएसओ १७५१६ प्रमाणे एका ग्रॅममध्ये एकूण जंतू १००० पेक्षा जास्त नकोत. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी किंवा डोळ्यांभोवती लावायच्या मालात १००. ते चार जंतू एका ग्रॅममध्ये अजिबात सापडता कामा नयेत. ही चाचणी आवश्यकच आहे, प्रत्येक बॅचला. पण तिच्यावरून लेबलवर "१२ महिने" छापता येत नाही.

लॅबला एक प्रश्न जरूर विचारा: "प्रिझर्व्हेटिव्ह निष्प्रभ करणारं माध्यम वापरता का, आणि ते आमच्या मालावर तपासलंय का?" नमुन्यासोबत प्रिझर्व्हेटिव्हही, म्हणजे माल टिकवायला घातलेलं जंतुरोधक द्रव्यही, प्लेटवर जातं. ते तिथंच जंतूंना दाबून धरत असेल, तर प्लेट कोरी दिसते आणि आपण खूश होतो. ते निष्प्रभ करायलाच माध्यमात लेसिथिन, पॉलिसॉर्बेट ८० अशी द्रव्यं घालतात. या प्रश्नावर जी लॅब गडबडते तिच्याकडे नमुना देऊ नका.

४० अंशांची पेटी

औषधांच्या जगातल्या या चाचणीत बंद बरणी ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत सहा महिने ठेवतात. नाव भारदस्त असल्यामुळे गटांना तीच खरी वाटते. शिवाय आपल्याकडे अनेकांचा हिशेब असा की चंद्रपूर-अकोल्याचं ऊन ४५ अंशांपुढे जातं, तेव्हा पेटीत टिकलं की इथंही टिकेल.

रंग, वास, पीएच, क्रीम फुटणं, औषधी घटक कमी होणं, हे सगळं ही पेटी लवकर दाखवते. जंतूंच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नका. रासायनिक बदल उष्णतेनं वेग घेतात, बुरशी तसं करत नाही. बहुतेक बुरशींना २५ ते ३० अंश आवडतात, ४० ला त्या सुस्तावतात किंवा मरतात. विदर्भात बुरशीचा हंगाम मे नाही, आषाढ-श्रावण आहे. आणि पेटीतली बरणी सीलबंद असते, तिच्यात कुणी ओलं बोट घालत नाही.

तरीही आपल्या उन्हाळ्याचा जंतूंशी एक आडवा संबंध आहे. दिवसा तापलेली आणि रात्री गार झालेली बरणी झाकणाखाली घाम धरते. ते थेंब वरच्या थरावर पडतात, तिथलं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि पावसाळ्यात नेमकी वरच्या थरावर बुरशी दिसते. काही प्रिझर्व्हेटिव्ह प्लॅस्टिकमध्ये शोषलीही जातात. म्हणून पैसे असतील तर पेटीचा उपयोग असा करा: माल पेटीत जुना करा आणि त्या जुन्या मालावर चॅलेंज टेस्ट घ्या. नुसत्या पेटीचा रिपोर्ट घेऊन समाधान मानू नका.

चॅलेंज टेस्ट

माझा कौल इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

या चाचणीत लॅब आपल्या मालात मुद्दाम जंतू सोडते. आयएसओ ११९३० मध्ये पाच आहेत: स्यूडोमोनस, स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय, कॅन्डिडा आणि ॲस्परजिलस ब्रासिलिएन्सिस ही काळी बुरशी. जीवाणू ग्रॅममागे एक ते दहा लाखांच्या दरम्यान, कॅन्डिडा आणि बुरशी त्याच्या दहाव्या हिश्शानं. मग सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी किती उरले ते मोजतात. वरच्या श्रेणीत पास व्हायचं तर सात दिवसांत जीवाणू हजारात एक उरले पाहिजेत आणि पुढे वाढता कामा नयेत. कॅन्डिडा सात दिवसांत दहात एक. काळी बुरशी चौदाव्या दिवसापर्यंत वाढता कामा नये आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दहात एक उरली पाहिजे.

गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात जे घडतं त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी ही चाचणी. ती प्लेट काउंटच्या कित्येक पट महाग आहे आणि तिला महिनाभर लागतो, पण दर बॅचला लागत नाही. फॉर्म्युला आणि बाटली ठरली की एकदा करायची, दोन्हींतलं काही बदललं की पुन्हा.

ती कुणाला उघडं पाडते, तेही सांगतो. कोरफड जेल दाट व्हावं म्हणून कार्बोमर घालतात आणि तो फुलावा म्हणून पीएच वर नेतात, साडेपाच-सहापर्यंत. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून टाकतात सोडियम बेंझोएट, कारण ते स्वस्त आणि सरबतवाल्यांकडे सहज मिळणारं. बेंझोएट आम्लातच काम करतं. पीएच ४ ला त्याचा सुमारे ६० टक्के भाग कामाच्या रूपात असतो, साडेपाचला जेमतेम ५ टक्के. प्रमाण बरोबर, पावती बरोबर, आणि तरी बरणीला राखण नाही. "नैसर्गिक" म्हणून व्हिटॅमिन ई वर भिस्त ठेवणारेही इथेच पडतात. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना रोखत नाही. तुळस-कडुनिंबाचा अर्क घरच्या मापानं घातला तर त्याच्या जोरावर स्यूडोमोनस हटत नाही. हा जंतू तर आरओच्या टाकीत आणि नळीतही घर करून राहतो, म्हणून "आम्ही फिल्टरचं पाणी वापरतो" हे उत्तर पुरेसं नाही. पाणी उकळून त्याच दिवशी वापरा.

राखण नसली तर किती महागात पडतं, याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २०२२-२३ मध्ये तामिळनाडूतल्या एका कारखान्यातून अमेरिकेत गेलेल्या डोळ्यांच्या थेंबांमुळे स्यूडोमोनसची साथ पसरली. १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले, ४ जण दगावले, १४ जणांची दृष्टी गेली. अनेकदा उघडायच्या बाटलीत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं आणि जंतूंची योग्य तपासणी नव्हती, असं तिथल्या औषध प्रशासनानं नोंदवलं. म्हणून डोळ्यांत घालायचे थेंब आणि उघड्या जखमेचं मलम गटानं करूच नये. कितीही मागणी असली तरी. तो निर्जंतुक कारखान्याचा माल आहे.

घरच्या फडताळावरचे नमुने

प्रत्येक बॅचच्या काही सीलबंद बाटल्या गटाच्याच खोलीत, तारीख टाकून ठेवायच्या. तीन, सहा, बारा महिन्यांनी एकेक प्लेट काउंटला पाठवायची. याला फक्त सबुरी लागते. फेब्रुवारीत ठेवलेली बाटली दिवाळीपर्यंत आपला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून येते. टिकण्याचा महिना छापायला याच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही, पण तोवर विक्री थांबत नाही. म्हणून चॅलेंज टेस्ट आधी, आणि लेबलवर सुरुवातीला सहा महिनेच लिहा.

पैसे एकाच चाचणीचे असतील तर

जेल किंवा क्रीम असेल तर बॅचची संख्या कमी करा, म्हणजे प्लेट काउंटही कमी लागतील, पण पहिला पैसा चॅलेंज टेस्टवर घाला. पाठवण्याआधी पीएच स्वतः मोजा. कागदी पट्टी चालेल, छोटं मीटर जास्त बरं. बेंझोएट असेल आणि पीएच ५ च्या वर असेल तर चाचणी नापास व्हायचीच, तेव्हा आधी फॉर्म्युला सुधारा. वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था मगनवाडीत आहे आणि तिचा जैवप्रक्रिया व वनौषधी विभाग आहे. फॉर्म्युल्याचा सल्ला घ्यायला तिथे जाणं सोयीचं. लॅब निवडताना एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) नुसतं चिन्ह बघू नका. मान्यतेच्या यादीत सौंदर्यप्रसाधनांची जीवाणू तपासणी आहे का ते पाहा. पुष्कळ लॅबना मान्यता फक्त पाण्याची किंवा अन्नाची असते. नमुना वेगळ्या डबीत काढून न देता विक्रीच्याच बंद बाटलीत द्या.

परवान्याचंही आधी बघा. जेल-क्रीम बनवून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा सीओएस-८ परवाना लागतो. लेबलवर "खरूज बरी होते" असं लिहिलंत की तो माल औषधात जातो, मग परवानाही वेगळा आणि तपासणीही वेगळी.

आणि चॅलेंज टेस्ट काठावर पास झाली, म्हणजे खालच्या श्रेणीत, तर प्रिझर्व्हेटिव्ह वाढवण्याआधी बरणी बदला. रुंद तोंडाच्या बरणीऐवजी पंप किंवा ट्यूब घेतली तर बोट आत जात नाही. बाटलीमागे काही रुपये वाढतील, ते किमतीत लावा.