घरून काम करणाऱ्यांसाठी ब्राउझर ॲड-ऑन: स्टोअरची लिंक, पॉलिसी की थेट फाइल?

ऑफिसचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, पण कॉल लावणं किंवा डिजिटल सही करणं अशी त्यातली काही कामं ॲड-ऑनशिवाय, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पुरवणी प्रोग्रॅमशिवाय, होत नाहीत. ऑफिसात असलं की आयटीवाला जागेवर येऊन ते बसवून देतो. घरून काम करणाऱ्याकडून मात्र फक्त ‘डाउनलोडच होत नाहीये’ असा निरोप येतो. तो बिचारा तासभर कामाविना बसून राहतो आणि एवढ्या निरोपावरून कोणालाच काही उमगत नाही.

ॲड-ऑन पोहोचवायचे तीन रस्ते आहेत. बहुतेक जण बसवायला सोपा कोणता, ते बघून निवड करतात. मी आधी दुसरंच विचारते: बिघडलं तर कुठे बिघडलं, हे लांबून कळेल का?

स्टोअरची लिंक

ब्राउझरच्या ॲड-ऑन स्टोअरमधल्या पानाची लिंक पाठवली, समोरच्याने बटण दाबलं, काम झालं. ॲड-ऑन त्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये (ब्राउझरमधल्या त्याच्या वेगळ्या कप्प्यात) बसतं, म्हणून ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही. मशीन कर्मचाऱ्याचं स्वतःचं असेल, तर हाच रस्ता मोकळा असतो.

अडचण प्रोफाइलचीच येते. एकदा एका सहकाऱ्याबरोबर मी फोनवर पाऊण तास घालवला. ॲड-ऑन बसलंय असं तो शपथेवर सांगत होता आणि सॉफ्टवेअर ते सापडत नाही म्हणत होतं. शेवटी त्याला वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर क्लिक करायला लावलं. तिथे दोन प्रोफाइल निघाले. ॲड-ऑन खासगी प्रोफाइलमध्ये होतं आणि काम ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये चाललं होतं. दोघंही खरंच बोलत होते. इनकॉग्निटो खिडकीचंही तसंच, वेगळी परवानगी दिल्याशिवाय तिथे ॲड-ऑन चालत नाही.

दुसरा त्रास ‘नेटवर्क फेल्ड’ या संदेशाचा. स्टोअरचं पान नीट उघडतं, म्हणून नेट ठीक आहे असंच सगळ्यांना वाटतं. पण क्रोम ॲड-ऑनची फाइल त्या पानाच्या पत्त्यावरून आणत नाही, ती गूगलच्या दुसऱ्याच सर्व्हरवरून येते. ऑफिसच्या व्हीपीएनने (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) किंवा प्रॉक्सीने (वाहतूक गाळणारा मधला सर्व्हर) तो पत्ता अडवला असेल, किंवा तपासणीसाठी एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद, वाहतूक मध्येच उघडली जात असेल, तर पान दिसतं आणि फाइल येत नाही. अशा वेळी ऑफिसच्या नियमांत बसत असेल तर व्हीपीएन काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा करून बघायला सांगा. तिथे उतरलं, तर लॅपटॉप निर्दोष आहे. मग ब्राउझर काढून परत टाकण्यात वेळ न घालवता नेटवर्कवाल्यांना तो पत्ता मोकळा करायला सांगा.

‘ॲडमिनने ब्लॉक केलंय’ असा संदेश आला, तर तो लिंकचा दोष नाही. बहुतेक वेळा तुमच्याच पॉलिसीने, म्हणजे आयटीने लांबून ब्राउझरला लावलेल्या नियमांनी, सगळी ॲड-ऑन बंद ठेवलेली असतात आणि हे एक परवानगीच्या यादीत घालायचं राहिलंय.

पॉलिसीने बसवणं

मशीन कंपनीचं असेल तर माझं मत सरळ या बाजूने आहे. सक्तीच्या यादीत ॲड-ऑनचा 32 अक्षरी आयडी टाकला की ब्राउझर ते आपणहून आणतो आणि वापरणाऱ्याला ते काढता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये क्रोम स्टोअरवरचं ॲड-ऑन द्यायचं असेल, तर आयडीच्या जोडीला क्रोम स्टोअरचा अपडेट पत्ताही द्यावा लागतो. तो विसरला की एज स्वतःच्या स्टोअरमध्ये शोधत बसतं.

खरी निवड पुढे आहे: पॉलिसी पोहोचणार कशी? विंडोजची जुनी ग्रुप पॉलिसी साधारण दर 90 मिनिटांनी ताजी होते, पण मशीनला ऑफिसचा डोमेन सर्व्हर (कंपनीच्या मशीनना हे नियम देणारा सर्व्हर) दिसला तरच. आठवडेच्या आठवडे व्हीपीएन न लावणाऱ्याकडे तुमचा बदल पोहोचतच नाही. मायक्रोसॉफ्टचं इंट्यून (मशीन लांबून सांभाळणारी सेवा) किंवा क्रोमचं क्लाउड व्यवस्थापन साध्या इंटरनेटवरून चालतं, म्हणून घरच्या मंडळींसाठी तेच घ्या. कर्मचारी स्वतःच्या लॅपटॉपवर कंपनीच्या व्यवस्थापित गूगल खात्याने क्रोममध्ये साइन-इन करत असेल, तर फक्त त्या प्रोफाइलपुरती पॉलिसीही लावता येते.

मला हा रस्ता आवडतो तो निदानासाठी. ब्राउझरचं पॉलिसीचं पान उघडून त्याचा स्क्रीनशॉट मागवा. यादीत ओळच नसेल, तर पॉलिसी पोहोचलेली नाही. ओळ आहे पण शेजारी चूक दाखवतेय, तर आयडी किंवा पत्ता चुकलाय. ओळ ठीक आणि तरी ॲड-ऑन नाही, तर डाउनलोड अडलंय, मग हॉटस्पॉटची परीक्षा. समोरच्याला फारसं काही समजावून सांगावं लागत नाही.

फाइल पाठवणं

मेलवर फाइल पाठवून ‘ही ओढून टाका’ सांगणं हा मार्ग क्रोमसाठी सोडून द्या. विंडोजवर स्टोअरबाहेरची ॲड-ऑन क्रोमने 2014 पासून अडवली आहेत. डेव्हलपर मोड चालू करून फोल्डर जोडता येतं, पण अपडेट आपोआप येत नाहीत आणि कोणी डाउनलोड्स साफ केलं की फोल्डरबरोबर ॲड-ऑनही जातं. शिवाय हाताशी ठेवलेली जुनी फाइल मॅनिफेस्टच्या (ॲड-ऑनची माहिती ब्राउझरला देणाऱ्या फाइलच्या) दुसऱ्या आवृत्तीची असेल तर आता ती चालणारच नाही, क्रोमने 2025 मध्ये तिचा आधार पूर्ण काढला.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी. तिथे स्टोअरबाहेरची फाइलही चालते, मात्र तिच्यावर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची सही हवी. सही नसली की फाइल खराब असल्याचा संदेश दिसू शकतो आणि लोक तीच फाइल दहादा डाउनलोड करत बसतात. कंपनीने स्वतः बनवलेलं ॲड-ऑन फायरफॉक्सवर द्यायचं असेल, तर सही करून घेतलेली फाइल हा चांगला पर्याय आहे.

कोणताही रस्ता घेण्याआधी एक बघाच: या ॲड-ऑनला कॉम्प्युटरवर वेगळा सहायक प्रोग्रॅम लागतो का? डिजिटल सही करणाऱ्या आणि कॉल लावणाऱ्या ॲड-ऑनना बऱ्याचदा लागतो. वरच्या तीनपैकी एकाही रस्त्याने तो येत नाही. ॲड-ऑन बसलेलं दिसतं, बटण करडंच राहतं आणि तक्रार पुन्हा ‘डाउनलोड झालं नाही’ अशीच येते. हा प्रोग्रॅम ॲडमिनचे हक्क मागत असेल, तर तो आधी पोहोचवा आणि ॲड-ऑनची पॉलिसी त्यानंतर लावा.