सेतोउचीच्या बेटांची टूर: पैसे नेमके कुठे मारले जातात

‘एका दिवसात तीन बेटं, इंग्रजी बोलणारा गाइड, सर्व प्रवेश समाविष्ट, राखीव बोट.’ जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातल्या बेटांवर भरणाऱ्या सेतोउची त्रैवार्षिक कला महोत्सवाच्या टूर अशाच चार तुकड्यांवर विकल्या जातात. एकेक तुकडा सुटा पाहिला तर धडधडीत खोटा नसतो. म्हणूनच संध्याकाळी, बेटांच्या बोटी सुटतात त्या ताकामात्सु बंदरावर उतरून जाब विचारला की टूरवाला शांतपणे हात वर करतो. या टूरमध्ये लोक कसे गंडवले जातात ते इथे दिलं आहे. पैसे भरण्याआधी वाचलं तर उपयोग. भरल्यावर करायच्या गोष्टी शेवटी आहेत.

पहिली फसवणूक तारखेची. हा महोत्सव २०१० पासून दर तीन वर्षांनी होतो: २०१३, २०१६, २०१९, २०२२, २०२५. शिवाय तो सलग चालत नाही. वसंत, उन्हाळा आणि शरद असे तीन तुकडे असतात. २०२५ मध्ये ते १८ एप्रिल ते २५ मे, १ ते ३१ ऑगस्ट आणि ३ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर असे होते. मधल्या महिन्यांत, किंवा मधल्या वर्षांत, ‘महोत्सवाची टूर’ म्हणून जे विकलं जातं ती नाओशिमा या बेटावरच्या कायमस्वरूपी संग्रहालयांची साधी सहल असते. ती वाईट नाही, पण तिचा भाव महोत्सवाचा लावलेला असतो. जाहिरातीतले फोटो बघा. तात्पुरत्या कलाकृती महोत्सव संपला की उतरवतात, तरी त्यांचे फोटो पुढच्या टूरच्या पानावर वर्षानुवर्षं राहतात. बेटांचंही तसंच. होनजिमा, ताकामिजिमा, आवाशिमा, इबुकिजिमा ही पश्चिमेकडची बेटं फक्त शरदात महोत्सवात असतात. मे महिन्याच्या टूरमध्ये त्यांचं नाव दिसलं तर विकणाऱ्याने वेळापत्रक उघडूनही पाहिलेलं नाही.

वारही तपासा. एरवी नाओशिमाची बहुतेक कलास्थळं सोमवारी आणि तेशिमा या शेजारच्या बेटाची मंगळवारी बंद असतात. सोमवारी राष्ट्रीय सुट्टी आली की बंदचा दिवस पुढे सरकतो. महोत्सवाच्या काळात प्रत्येक बेटाचं सुट्टीचं कॅलेंडर वेगळं निघतं. सोमवारची ‘नाओशिमा विशेष’ टूर स्वस्त का, तर त्या दिवशी दाखवायला मुख्यतः उघड्यावरच्या वस्तू उरतात: मियानोउरा बंदरावरचा जपानी कलावंत यायोई कुसामांचा लाल भोपळा आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या धक्क्यावरचा पिवळा. दोन्ही बघायला एक येनही लागत नाही.

आता ‘सर्व प्रवेश समाविष्ट’. या तीन शब्दांत सगळ्यात जास्त पैसे मारले जातात, म्हणून इथे जरा थांबू.

महोत्सवाचा स्वतःचा एक पास असतो. त्याला पासपोर्ट म्हणतात. तो असला की महोत्सवातल्या बहुतेक कलाकृती प्रत्येकी एकदा बघता येतात. टूरवाले ‘प्रवेश समाविष्ट’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हा पासपोर्ट असतो. ग्राहकाच्या मनात मात्र नाओशिमाचं चिचू संग्रहालय असतं. वास्तुकार तादाओ आंदो यांनी डोंगराच्या पोटात बांधलेली, २००४ मध्ये उघडलेली ही वास्तू. मोनेची जलकमळं, जेम्स टरेल आणि वॉल्टर डी मारिया यांची कामं तिथे आहेत. बरेच लोक त्यासाठीच येतात, आणि नेमकं तेच पासपोर्टमध्ये येत नाही. त्याचं तिकीट वेगळं, ऑनलाइन, ठराविक वेळेचं असतं आणि महोत्सवाच्या काळात ते आधीच संपतं. सकाळी दारावर जाऊन वीस माणसांची तिकिटं काढून देणारा गाइड अस्तित्वात नाही. मग बसमध्ये घोषणा होते की ‘आज दुर्दैवाने तिकिटं संपली’, आणि गट बंदराजवळच्या दुकानांत सोडला जातो. यात दुर्दैव काही नसतं. तिकिटं काढलेलीच नसतात. काढून नंतर गट जमला नाही तर तोटा अंगावर येतो, हे टूरवाल्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: माझ्या नावच्या चिचूच्या तिकिटाची वेळ कोणती? उत्तरात १०:४५ किंवा १३:१५ असा आकडा आला तर पुढे बोला. ‘पोहोचल्यावर व्यवस्था होईल’ असं उत्तर आलं तर तिकीट नाही असं समजा. तेशिमा कला संग्रहालयासाठी हाच प्रश्न विचारावा. कलावंत रेइ नाइतो आणि वास्तुकार र्यूए निशिझावा यांचं ते थेंबाच्या आकाराचं पांढरं कवच बंदराला लागून नाही. काराटो बंदरापासून पंधरा मिनिटं चालावं लागतं, आणि इएउरा बंदरावर उतरलात तर बेट ओलांडून जावं लागतं. बस कमी आहेत आणि विजेच्या सायकली सकाळीच संपतात. टूरवाल्याने बेटावरचं वाहन ठरवलंय का, हे इथे आपोआप कळतं.

नाओशिमाच्या होनमुरा गावातली ‘आर्ट हाउस’, म्हणजे कलाकृती बनवलेली जुनी घरं, ‘सर्व’ दाखवतो म्हणणाऱ्याचं पितळ किंझा या घरापाशी उघडं पडतं. तिथे एका वेळी एकच माणूस आत जातो, जास्तीत जास्त पंधरा मिनिटांसाठी, आणि तेही आधी वेळ घेऊन. वीस जणांच्या गटाला पाच तास लागतील. या घरांच्या एकत्रित तिकिटातही किंझा येत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘सर्व आर्ट हाउस’ असेल तर लिहिणाऱ्याने ती घरं पाहिलेली नाहीत, एवढं नक्की.

मुलं बरोबर असतील तर आणखी एक गोष्ट. चिचू आणि तेशिमा या दोन्ही ठिकाणी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट असतो. तरीही टूरच्या हिशेबात मुलांच्या नावापुढे ‘संग्रहालय शुल्क’ हमखास दिसतं. ते खोडायला सांगा.

महोत्सवाचा पासपोर्ट हातात मिळाला तर तो तुमचाच राहतो. बरेच टूरवाले दिवसअखेर ‘परत जमा करायचे आहेत’ म्हणून ते गोळा करतात. तो एका व्यक्तीसाठी असतो, दुसऱ्याला देता येत नाही आणि टूर संपल्यावरही चालतो. परत देऊ नका. आणि खरा, देशाचा पासपोर्ट गाइडकडे ‘नोंदणीसाठी’ ठेवायला देण्याचं तर कुठल्याच बेटावर कारण पडत नाही.

राखीव बोट. ताकामात्सुहून नाओशिमाला जाणारी मोठी फेरी गाड्याही नेते, तिला साधारण ५० मिनिटं लागतात आणि तिच्यात सहसा जागा मिळते. तिचं एकेरी भाडं अनेक वर्षं ५२० येनच्या आसपास राहिलं आहे. त्याच मार्गावर जलद बोटही आहे. ती अर्ध्या तासात पोहोचवते आणि दुपटीहून जास्त घेते. टूरमध्ये पैसे जलद बोटीचे घेऊन बसवायचं फेरीत, हा जुना प्रकार आहे. तिकिटावर काय छापलंय ते बघितलं की लगेच कळतो.

खरी अडचण बेटाबेटांमधल्या लहान बोटींची. नाओशिमा–तेशिमा–इनुजिमा हा मार्ग छोट्या प्रवासी बोटींचा आहे, दिवसातल्या फेऱ्या मोजक्या आणि जागा रांगेतल्या क्रमाने. गर्दीच्या दिवशी धक्क्यावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात आणि बोट भरली की उरलेले पुढच्या बोटीसाठी थांबतात. नेहमीच्या बोटीत गाइड ‘राखीव’ जागा देऊ शकत नाही. राखीव म्हणजे संपूर्ण बोट भाड्याने घेतलेली असली पाहिजे. तशी घेतली असेल तर तिचं नाव, प्रवासी क्षमता आणि चालवणाऱ्या कंपनीचं नाव सांगायला टूरवाल्याला दोन मिनिटं लागतात. लहान बोटीत उघड्या डेकवर सगळ्यांना लाइफजॅकेट २०१८ पासून सक्तीचं आहे. ते दिलं नाही तर त्या बोटीत चढू नका, पैसे बुडाले तरी चालतील.

मेगिजिमा आणि ओगिजिमा यांना जाणारी बोट एकच. ती ताकामात्सुहून निघून आधी मेगिला, मग ओगिला लागते. ‘दोन बेटांची खास बोट’ म्हणून विकतात ती बहुधा हीच. ओशिमा बेटाचा प्रकार तर लाजिरवाणा आहे. तिथे कुष्ठरुग्णांना दशकानुदशकं वेगळं कोंडून ठेवलेलं आरोग्यकेंद्र आहे. त्यांना असं कोंडायला लावणारा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला, पण वृद्ध रहिवासी आजही तिथे राहतात. ताकामात्सुहून तिथे जाणारी बोट फुकट आहे. ओशिमाचं ‘बोटभाडं’ लावणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

आता तीन बेटांचं गणित मांडू. समजा नाओशिमा, तेशिमा, शोदोशिमा आणि परत ताकामात्सु. पहिला टप्पा ५० मिनिटं, दुसरा वीसेक, तिसरा अर्धा तास किंवा जास्त, आणि शोदोशिमाच्या तोनोशो बंदरातून परतीची फेरी तासाभराची. म्हणजे पाण्यावरच पावणेतीन तास. चार वेळा चढण्याआधी रांगेत वीस-तीस मिनिटं धरा, दीड-दोन तास गेले. जेवण पाऊण तास. संग्रहालयं साधारण दहाला उघडतात आणि पाचच्या सुमारास मिटतात. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या नऊ तासांतून हे सगळं वजा केलं की एका बेटाला सव्वा तास येतो, आणि त्यातच बेटावरचं बसचं येणंजाणं. एकट्या चिचूला दीड तास हवा. तीन बेटांची टूर विकत घेणारा तीन बंदरं बघून येतो. दिवसाला एक बेट, फार तर मेगि-ओगिसारखी जोडी, हेच प्रामाणिक वेळापत्रक.

गाइडबद्दल थोडक्यात. जानेवारी २०१८ पासून जपानमध्ये परवाना नसलेल्या माणसालाही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं. फक्त ‘राष्ट्रीय परवानाधारक दुभाषा-गाइड’ असं म्हणवून घेता येत नाही. तेव्हा साधा गाइड म्हणजे फसवणूक नव्हे, पण ‘परवानाधारक’ म्हणून जास्त पैसे घेतले असतील तर नोंदणीपत्र मागा. ते जवळ बाळगणं बंधनकारक आहे. शिवाय चिचू आणि तेशिमाच्या आत मोठ्याने बोलून समजावणं चालत नाही, फोटोही नाहीत. चांगला गाइड जे सांगायचं ते बोटीतच सांगून टाकतो. गाडी ठरवलेली असेल तर नंबरप्लेट बघा: भाड्याने माणसं नेणाऱ्या टॅक्सी आणि बसची पाटी हिरवी असते. पांढऱ्या पाटीच्या खासगी व्हॅनमधून पैसे घेऊन नेत असतील तर तो बेकायदा धंदा असण्याचीच शक्यता जास्त, आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात.

वादळ आलं की शेवटची चाल खेळतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर टायफूनचा हंगाम. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वादळी लाटांनी पिवळा भोपळाच समुद्रात ओढून नेला होता, तो २०२२ मध्ये पुन्हा बसवला. बोटी रद्द होणारच, त्याला टूरवाला जबाबदार नाही. पण निघण्याआधीच टूर रद्द झाली तर पैसे परत मिळायला हवेत. ‘निसर्गाचा कोप, परतावा नाही’ हे वाक्य तिथे लागू होत नाही.

जपानमध्ये टूर विकायला प्रवासी व्यवसायाची नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक जाहिरातीत असतो. नोंदणीकृत कंपनीच्या प्रमाणित अटींनुसार देशांतर्गत एकदिवसीय टूर तुम्ही रद्द केली तर कपात निघण्याआधीच्या दहाव्या दिवसापासून २० टक्के, सातव्यापासून ३०, आदल्या दिवशी ४०, त्याच दिवशी ५०, आणि टूर सुरू झाल्यावर सोडलीत किंवा न सांगता गैरहजर राहिलात तरच १०० टक्के. किमान माणसं जमली नाहीत म्हणून कंपनीच टूर मोडत असेल तर तिने तीन दिवसांहून आधी कळवायला हवं. बुकिंग करताच शंभर टक्के कापणारी टूर बहुधा या चौकटीबाहेरची असते.

आणखी एक खाच आहे. करार ‘नियोजित टूर’चा आहे की नुसत्या ‘व्यवस्थे’चा? नियोजित टूरमध्ये ठरलेला कार्यक्रम बदलला तर काही बाबतींत भरपाई द्यावी लागते. व्यवस्थेच्या करारात मात्र कंपनीने प्रयत्न केला एवढं पुरतं. जागा मिळाली नाही तरी ती शुल्क मागू शकते. विक्रेत्याच्या अटींत जपानबाहेरचा कायदा लिहिला असेल तर वरचे आकडे विसरा. महोत्सवाच्या अधिकृत टूर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विकल्या जातात आणि तिथे चालवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. महोत्सवाचं चिन्ह कुणीही चिकटवू शकतो, नोंदणी क्रमांक पडताळता येतो.

फसवले गेलातच तर त्याच दिवशी बंदरावर कामाला लागा. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, ते पान नंतर बदललं जातं. बोटीचं तिकीट, क्रमांकाची चिठ्ठी, बंद दारावरची पाटी, गाडीची नंबरप्लेट यांचे फोटो काढा. कार्यक्रमपत्रिकेतली कोणती ओळ पाळली नाही, ते वेळेसह एका ईमेलमध्ये लिहून टूरवाल्याला पाठवा आणि उत्तराला मुदत द्या. फोनवर बोलू नका, लेखी काही उरत नाही. कार्डाने पैसे दिले असतील तर ‘वर्णनाप्रमाणे सेवा मिळाली नाही’ या कारणाखाली बँकेकडे वाद नोंदवा आणि हाच ईमेल जोडा. जपानमध्ये ग्राहक तक्रारीसाठी १८८ हा क्रमांक आहे आणि परदेशी पर्यटकांसाठी वेगळी ग्राहक हेल्पलाइनही आहे. कंपनी नोंदणीकृत असून बुडाली, तर तिच्या अनामत रकमेतून किंवा तिच्या व्यावसायिक संघटनेच्या हमीतून दावा करता येतो. रोख देऊन पावती घेतली नसेल, तर यातलं जवळपास काहीच हाती लागत नाही.