व्हॉट्सॲपवाल्या मुलखात मॅटरब्रिज

वेगवेगळ्या चॅट सेवांवरचे गट एकमेकांना जोडून देणारे जे मोफत प्रोग्राम मी आजवर हाताळले, त्यांत मॅटरब्रिज हा बसवायला सर्वांत सोपा आणि चालवायला सर्वांत हलका आहे. मात्र ज्या सेवेवाचून मराठवाड्यातील कोणत्याही संस्थेचे पान हलत नाही, त्या व्हॉट्सॲपच्याच बाबतीत तो सर्वांत कच्चा आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण बहुतेक लोक हा प्रोग्राम व्हॉट्सॲपसाठीच शोधत येतात आणि त्याच ठिकाणी अडकतात.

लातुरात छोट्या संस्थांची संगणकाची कामे करून देणे हा माझा व्यवसाय आहे. औसा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी मॅटरब्रिज बसवून दिला. कंपनीचे सभासद शेतकरी व्हॉट्सॲपवर, शेतावर फिरणारे कर्मचारी टेलिग्रामवर आणि कार्यालयातील मंडळी स्वतःच्या नेक्स्टक्लाउडमधील (आपल्याच सर्व्हरवर चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधील) ‘टॉक’ या चॅटवर, अशी तिथे विभागणी झाली होती. मोंढ्यात सोयाबीनचा आणि तुरीचा सौदा निघाला, की तोच भाव तिन्ही ठिकाणी हाताने चिकटवावा लागे आणि कुठेतरी कालचाच भाव राहून जाई. व्हॉट्सॲपच्या गटाला १०२४ सदस्यांची मर्यादा असल्यामुळे सर्वांना एकाच गटात आणणेही पुढेमागे अशक्यच होते. टेलिग्रामच्या गटात दोन लाख माणसे मावतात, पण गावातील साठीच्या शेतकऱ्याला नवीन ॲप घ्यायला लावणे कोणाला जमले आहे?

मॅटरब्रिज गो भाषेत लिहिलेला असून तो अपाचे २.० परवान्याखाली मोफत मिळतो. त्याला डेटाबेस लागत नाही, वेब सर्व्हर लागत नाही. उतरवून घेतलेली एक चालणारी फाइल आणि तिच्या शेजारी सेटिंगची एक मजकुरी फाइल, एवढाच त्याचा संसार आहे. टेलिग्राम, डिस्कॉर्ड, स्लॅक, मॅट्रिक्स, मॅटरमोस्ट, आयआरसी, एक्सएमपीपी, झुलिप, नेक्स्टक्लाउड टॉक अशा बऱ्याच सेवा त्याला बोलता येतात. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही तो बिनतक्रार चालतो. शोधताना एक सावधगिरी बाळगावी: घरातील दिवे-पंखे ‘मॅटर’ मानकाने जोडणारा याच नावाचा दुसराच एक प्रोग्राम आहे आणि शोधयंत्रे हल्ली बऱ्याचदा त्याच्याच पानावर नेऊन सोडतात.

सेटिंगची फाइल टॉमल पद्धतीची असते. तिच्यात आधी प्रत्येक सेवेचे खाते लिहायचे आणि शेवटी ‘गेटवे’ या मथळ्याखाली कोणत्या खात्यातील कोणता गट कोणाशी जोडायचा ते सांगायचे. ‘इनआउट’ लिहिले तर निरोप दोन्ही बाजूंनी वाहतात, नुसते ‘इन’ किंवा ‘आउट’ लिहिले तर एकाच बाजूने. भावासारख्या एकमार्गी माहितीसाठी ही सोय फार मोलाची आहे, तरी वापरणारे तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि सरसकट सगळे दुहेरी जोडून मग गोंधळाची तक्रार करतात. फाइलमध्ये सर्व खात्यांचे टोकन, म्हणजे त्यांच्या गुप्त किल्ल्या, उघडे असतात, त्यामुळे ती फाइल इतर कोणाला वाचता येणार नाही अशी परवानगी लावणे आणि ती कोणालाही व्हॉट्सॲपवर ‘जरा बघा’ म्हणून न पाठवणे आवश्यक आहे.

टेलिग्रामची बाजू खरोखर सुखाची आहे. बॉटफादर या टेलिग्रामच्याच अधिकृत खात्याकडून बॉट, म्हणजे प्रोग्रामने चालणारे खाते, तयार करून घ्यायचा, त्याचे टोकन फाइलमध्ये टाकायचे, बॉटला गटात घ्यायचे आणि गटाचा क्रमांक लिहायचा. येथे दोन खाचखळगे आहेत. बॉटला मूळ अवस्थेत गटातील सगळे निरोप दिसत नाहीत. त्यासाठी बॉटफादरकडेच त्याची ‘प्रायव्हसी’ बंद करावी लागते आणि त्यानंतर बॉटला गटातून काढून पुन्हा घ्यावे लागते, नाहीतर बदल लागू होत नाही. दुसरे असे, की साधा गट सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या गटांचा प्रकार) झाला की त्याचा क्रमांक बदलतो आणि नवा क्रमांक उणे १०० ने सुरू होतो. काल चालत असलेला पूल आज कोणी हात न लावता बंद पडला, तर आधी हेच तपासावे. नवा क्रमांक प्रोग्राम ‘डीबग’ अवस्थेत चालवला की नोंदींमध्ये दिसतो.

नावांचा प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी उभा राहतो. पलीकडून आलेला प्रत्येक निरोप बॉटच्या नावाने उमटतो आणि मूळ बोलणाऱ्याचे नाव मजकुराच्या सुरुवातीला जोडले जाते. आम्ही बॉटचे नाव ‘सेतू’ ठेवले होते. दुसऱ्याच दिवशी एका सभासदाने गटात विचारले, “ह्यो सेतू कोन हाय? सगळं ह्योच बोलायलाय.” नावाचा साचा ठरवणारी एक ओळ फाइलमध्ये असते, तिच्यात बोलणाऱ्याचे नाव, सेवेचे नाव किंवा आपण दिलेले लेबल हव्या त्या क्रमाने लावता येते आणि लेबल मराठीत लिहिले तरी चालते. आम्ही ‘कार्यालय’ आणि ‘शिवार’ अशी लेबले ठेवल्यावर ती तक्रार मिटली. डिस्कॉर्डवर वेबहुकची (बाहेरच्या प्रोग्रामला हव्या त्या नावाने निरोप टाकू देणारी) सोय असल्यामुळे तिथे प्रत्येक निरोप त्या त्या माणसाच्या नावाने आणि चित्राने दिसतो, जणू तो माणूस तिथेच बसला आहे. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर एवढा थाट नाही.

फायलींच्या बाबतीत मूळ सेटिंग फारच कंजूष आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान आधारित कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा पीडीएफ स्वरूपात येतो आणि कर्मचारी तो टेलिग्रामवर टाकतात. मॅटरब्रिज मात्र मुळात एक एमबीपेक्षा मोठी फाइल उचलतच नाही आणि ती का उचलली नाही हे प्रत्येक सेवेच्या गटात दिसतेच असे नाही. नोंदी उघडून पाहिल्यावर कारण कळते. ही मर्यादा एक आकडा बदलून वाढवता येते. तरी टेलिग्रामच्या बॉटला २० एमबीपेक्षा मोठी फाइल उतरवून घेता येत नाही आणि हे बंधन टेलिग्रामचे असल्यामुळे मॅटरब्रिजला त्याचा दोष देता येणार नाही. स्टिकर पाठवण्याची हौस असलेल्या गटांत वेबपी चित्रांचे पीएनजीत रूपांतर करण्याचा पर्याय चालू करावा, अन्यथा काही ठिकाणी ते उघडत नाहीत.

नको असलेले निरोप गाळण्यासाठी शब्दांचे नमुने देता येतात आणि ते देवनागरीतही चालतात. ‘शुभ सकाळ’ हा नमुना आम्ही सर्वांत आधी टाकला. त्याचा उपयोग मर्यादितच झाला, कारण आपल्याकडची शुभ सकाळ अक्षरांत न येता सूर्योदयाच्या चित्रावर छापून येते आणि चित्रातील अक्षरे गाळणीला दिसत नाहीत. टेलिग्रामचा बॉट एका गटात मिनिटाला वीसच निरोप टाकू शकतो. सणाच्या सकाळी शुभेच्छांची रांग लागली, की कामाचा निरोप त्या रांगेत मागे राहतो.

आता व्हॉट्सॲपकडे वळू. मॅटरब्रिजच्या तयार फाइलमध्ये व्हॉट्सॲपचा भाग येतच नाही. तो ज्या लायब्ररीवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर) उभा आहे, तिच्यातील एका घटकाचा जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना मॅटरब्रिजच्या परवान्याशी जुळत नाही. त्यामुळे गो भाषेची साधने बसवून, ‘व्हॉट्सॲपमल्टी’ हा टॅग देऊन प्रोग्राम स्वतः बांधून घ्यावा लागतो. संगणकाचे काम करणाऱ्याला हे अवघड नाही, पण ‘उतरवा आणि चालवा’ हे वचन येथेच मोडते. बांधून झाल्यावर प्रोग्राम चालवला की काळ्या पडद्यावर क्यूआर कोड उमटतो आणि तो फोनमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून स्कॅन करायचा असतो. म्हणजे येथे बॉट असा काही नसतो. एका खऱ्या क्रमांकाचे खाते हा प्रोग्राम तुमच्या वतीने वापरतो.

यातून तीन गोष्टी निघतात. असा अनधिकृत, यांत्रिक वापर व्हॉट्सॲपच्या अटींत बसत नाही आणि क्रमांक बंद होण्याची टांगती तलवार कायम राहते. म्हणून संचालकाचा किंवा कार्यालयाचा चालू क्रमांक त्यात कधीही गुंतवू नये, स्वतंत्र सिम घ्यावे. त्या सिमचा फोन कपाटात टाकून विसरूनही चालत नाही, कारण मुख्य फोन चौदा दिवसांपेक्षा अधिक काळ वापरला गेला नाही तर जोडलेली सर्व साधने आपोआप बाहेर पडतात. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. व्हॉट्सॲपच्या गटातील बोलणे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असते. पूल बसवला की ते पुलाच्या संगणकावर उलगडले जाते आणि तिथून ज्या टेलिग्राम गटात जाते, तिथे अशी कूटबद्धता नसते. गटातील माणसांना हे सांगितल्याशिवाय दुहेरी पूल चालू करणे मला योग्य वाटत नाही. मॅटरब्रिजच्या लेखकांनी निदान एक काळजी घेतलेली आहे: व्हॉट्सॲपवरील माणसाचे नाव सापडले नाही, तर त्याचा फोन क्रमांक उघडा न करता ‘समवन’ असे लिहिले जाते. पण ज्या गटात बऱ्याच जणांची नावे प्रोग्रामला सापडत नाहीत, तिथे सगळेच ‘समवन’ होऊन बसतात, हेही आहेच.

भावाच्या कामात आणखी एक उणीव फार टोचते. टेलिग्रामवर निरोप दुरुस्त केला, की डिस्कॉर्डवरील प्रत जागच्या जागी दुरुस्त होते. व्हॉट्सॲपकडे मात्र दुरुस्ती हा नवाच निरोप म्हणून जातो, त्याच्या शेवटी दुरुस्तीची खूण येते आणि आधीचा चुकीचा आकडा वर तसाच राहतो. टेलिग्रामवर निरोप पुसला तर ते बॉटला कळवलेच जात नाही, त्यामुळे तो इतरत्र पुसला जाण्याचा प्रश्नच येत नाही. गाडी भरून मोंढ्याकडे निघालेल्या शेतकऱ्याने वरचा आकडा पाहिला आणि खालचा पाहिला नाही, तर व्हायचे ते नुकसान होतेच. म्हणून भावाच्या प्रत्येक निरोपात वेळ लिहिण्याचा नियम आम्ही केला आणि व्हॉट्सॲपची बाजू फक्त ‘आउट’ ठेवली: भाव, कृषी सल्ला आणि खरेदी केंद्राच्या सूचना तिकडे जातात, तिकडचे बोलणे तिकडेच राहते. झोहो कंपनीच्या अरट्टाई या चॅट ॲपविषयीही काही सभासदांनी विचारले होते, पण मॅटरब्रिजमध्ये त्याची सोय नाही.

याच प्रोग्रामचा दुसरा वापर मी नांदेड-परभणीकडील काही अभियांत्रिकीच्या मुलांसाठी केला, ज्यांना आपल्या टेलिग्राम गटातून मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या आयआरसी (नुसत्या मजकुराच्या जुन्या चॅट पद्धतीच्या) वाहिन्यांवर बोलायचे होते. तिथे मराठीची वेगळीच गंमत समोर आली. आयआरसीवर एका ओळीला ५१२ बाइटची मर्यादा आहे आणि मॅटरब्रिज त्यातील सुमारे ४०० बाइट मजकुरासाठी धरतो. इंग्रजीचे अक्षर एका बाइटचे, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळे, काना वेगळा, हलन्त वेगळा, तीन बाइटचे. त्यामुळे इंग्रजीत चारशे अक्षरांची ओळ जाते, तर मराठीत जेमतेम एकशे तीस चिन्हांवर निरोप कापला जातो. निरोप तुकड्यांत पाठवण्याचा पर्याय चालू केला तर पूर्ण मजकूर जातो, पण तुकडा कधी कधी नेमका जोडाक्षराच्या पोटात पडतो आणि पुढची ओळ पोरक्या मात्रेने सुरू होते. मुलांना याचे काही वाटत नाही. मला मात्र ते पाहवत नाही.

ज्यांना काळ्या पडद्याची धास्ती आहे त्यांच्यासाठी नेक्स्टक्लाउड टॉकमध्ये मॅटरब्रिज प्लगिनच्या रूपातही मिळतो. ॲपच्या यादीतून तो बसवला, की संभाषणाच्या सेटिंगमध्येच पुलाचा फॉर्म उघडतो. टोकन आणि गटाचा क्रमांक भरला की काम झाले. टेलिग्रामपुरता पूल हवा असेल तर हाच मार्ग मी सुचवतो. मात्र प्रत्येक संभाषणामागे मॅटरब्रिजची वेगळी प्रत चालते, त्यामुळे बरेच पूल बांधले तर कमी मेमरीचा सर्व्हर धापा टाकू लागतो. गाळणी, नावांचे साचे वगैरे बारकावेही मजकुरी फाइलमध्ये जितके मोकळेपणाने हाताळता येतात तितके येथे येत नाहीत.

विजेचे आपल्याकडे काय असते ते सांगायला नको. कंपनीच्या कार्यालयातील छोटा संगणक इन्व्हर्टरवर असूनही लांबच्या भारनियमनात बंद पडत असे. बॉटसाठी आलेले निरोप टेलिग्राम चोवीस तासांपर्यंत राखून ठेवते, त्यामुळे वीज आली की सगळे एकदम ओतले जातात आणि सकाळचा भाव संध्याकाळी ताजा म्हणून समोर येतो. आयआरसीवर मधल्या काळात जे बोलले गेले ते गेलेच. शेवटी आम्ही हे काम महिन्याला काहीशे रुपये भाड्याच्या सर्व्हरवर हलवले.

आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. मॅटरब्रिजची १.२६.० ही आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली आणि त्यानंतर त्याचा वेग मंदावला. टेलिग्राम आणि आयआरसी यांना त्याने फारसे बिघडत नाही. व्हॉट्सॲप मात्र जुन्या क्लायंटला दारातूनच परत पाठवते, म्हणून त्याची लायब्ररी अधूनमधून नवी ओढून प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो आणि लायब्ररीतील बदलांमुळे तो कधी कधी बांधलाच जात नाही. व्हॉट्सॲपची दुहेरी जोडणी ज्यांना टाळताच येत नाही, त्यांनी मॅट्रिक्स या खुल्या चॅट सेवेचा स्वतःचा सर्व्हर उभा करून त्यावर मोट्रिक्स-व्हॉट्सॲप हा पूल वापरावा. तो त्याच लायब्ररीवर उभा असला तरी त्याची देखभाल नियमित होते. त्यासाठी स्वतःचे डोमेन, डेटाबेस आणि बरीच अधिक मेमरी लागते आणि रोज लक्ष देणारा माणूसही लागतो. औशाच्या कंपनीत असा माणूस नाही, म्हणून तिथे मॅटरब्रिजच ठेवला आहे आणि त्या स्वतंत्र सिमचा फोन रोज उघडायचे काम कार्यालयातील लेखनिकाकडे दिले आहे.