न बदललेल्या कॉम्प्रेसरचे ७,८५० रुपये

गेल्या मे महिन्यात आमचा फ्रिज बंद पडला आणि दोन दिवसांत माझ्या हातून ८,३५० रुपये गेले. पाचशे ‘व्हिजिट’चे आणि ७,८५० नव्या कॉम्प्रेसरचे. कॉम्प्रेसर बदललाच नव्हता, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. आता पुन्हा उन्हाळा तोंडावर आला आहे, घरोघरी फ्रिज-कूलर कुरकुरायला लागतील, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. त्या दिवशी पारा ४२ च्या वर होता. फ्रिज उघडला की आतला दिवा लागत होता, पण बर्फाचा कप्पा वितळून पाणी खाली ओघळत होतं. मागून दर दोन-तीन मिनिटांनी काही सेकंद ‘घूं’ असा आवाज यायचा, मग ‘टक्’ आणि पुन्हा सामसूम. हा आवाज नीट लक्षात ठेवा. सगळा आजार त्या आवाजातच होता आणि मला तो ऐकता येत नव्हता.

मला घाई होती ती अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या इन्सुलिनची. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. त्या शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि मोबाइलवर कंपनीचं नाव, ‘कस्टमर केअर’ आणि ‘सोलापूर’ टाकून शोधलं. सगळ्यात वर आलेला नंबर लावला. कपाटात वॉरंटी कार्ड होतं, त्याच्यावर कंपनीचा खरा नंबर छापलेला होता. ते काढायला दोन मिनिटं लागली असती.

फोनवरचा मुलगा अतिशय अदबीने बोलला. मॉडेल नंबर विचारला, खरेदीचं वर्ष विचारलं, ‘मॅडम, सिस्टिममध्ये तुमची वॉरंटी संपलेली दिसते’ म्हणाला. तक्रार क्रमांकाचा मेसेज काही आला नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण याआधी वॉशिंग मशिनची तक्रार नोंदवली तेव्हा फोन ठेवायच्या आत मेसेज आला होता.

तासाभरात दोघं आले. कंपनीच्या रंगाचे टी-शर्ट, गळ्यात कार्डं. फ्रिजला हात लावायच्या आधी पाचशे रुपये मागितले, मी दिले. एकाने फ्रिजचा प्लग आमच्या बोर्डातून काढून स्वतःच्या पिशवीतल्या एक्स्टेंशनला लावला. मग टेस्टर कॉम्प्रेसरच्या अंगाला टेकवला. टेस्टर पेटला. ‘वहिनी, हे बघा, बॉडीत करंट उतरलाय. कॉम्प्रेसर शॉर्ट आहे. लहान मूल हात लावेल तर काय होईल?’ माझी मुलगी तिथेच उभी होती. मी तिला ओढून मागे घेतलं. त्यानंतर तो जे जे म्हणाला त्याला मी हो म्हणत गेले.

साडेनऊ हजार सांगितले, रडतखडत ७,८५० वर आले. ‘हे काम घरात होत नाही, वर्कशॉपला न्यावं लागेल’ म्हणून टेम्पोत घालून फ्रिज नेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आणला, तेव्हा मागे काळाकुळकुळीत कॉम्प्रेसर आणि त्याच्यावर कोरं स्टिकर होतं. फ्रिज चालू झाला, गार झाला. जुना कॉम्प्रेसर कुठे, असं मी विचारलं. ‘तो एक्स्चेंजमध्ये जातो’ असं उत्तर मिळालं. पैसे क्यूआर कोडवर दिले. समोर कंपनीचं नाही, कुणा माणसाचं नाव आलं, तरी मी पिन टाकला. पावती हाताने लिहिलेली होती, तिच्यावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. मी दोघांना कैरीचं पन्हं करून दिलं होतं. पैशांपेक्षा ते मला जास्त लागतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. घूं, टक्, सामसूम. नंबर लावला तर ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवला, नंतर तो बंदच लागायला लागला. मग काकूंनी विजापूर वेशीजवळच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आल्यावर आधी नुसतं ऐकलं. दोनदा ‘टक्’ झालं तसे म्हणाले, ‘बेटी, कॉम्प्रेसर जिवंत आहे. सुरू व्हायला धडपडतोय, त्याला धक्का देणारा कुणी नाही.’

पुढचा अर्धा तास त्यांनी मला जवळ बसवून प्रत्येक गोष्ट दाखवली. आधी आमच्या बोर्डातला व्होल्टेज मीटरवर बघितला, २२८ आला. मग प्लग काढून कॉम्प्रेसरच्या बाजूची छोटी झाकणी उघडली. आत दोन वस्तू असतात, एक रिले आणि एक ओव्हरलोड. रिलेमध्ये नाण्याएवढी एक चकती असते. ती सुरुवातीला क्षणभर कॉम्प्रेसरच्या मोटरमधल्या स्टार्टिंगच्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, करंट देते, तापली की तो जवळजवळ थांबवते. ती गेली की मोटर नुसती घुमते, जास्त करंट ओढते, आणि ओव्हरलोड ‘टक्’ करून तिला जळण्यापासून वाचवतो. निवला की परत जोडतो. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी तो आवाज. चाचांनी रिले काढून माझ्या हातात दिला आणि हलवायला सांगितला. आत चकतीचे तुकडे खळखळत होते.

मग कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवर मीटर लावला. कॉमन, रन आणि स्टार्ट. कॉमन ते रन १४ ओहम, कॉमन ते स्टार्ट २२, रन ते स्टार्ट ३६. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी आली, म्हणजे वाइंडिंग शाबूत. (इन्व्हर्टर फ्रिजचं वेगळं असतं, तिथे तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात आणि असा रिलेही नसतो.) शेवटी प्रत्येक पिन ते तांब्याची नळी असं तपासलं. मीटर हलला नाही. बॉडी शॉर्ट नव्हती.

‘मग तो टेस्टर कसा पेटला?’ मी विचारलं. त्यांनी एक्स्टेंशनचं विचारलं आणि मान हलवली. अर्थिंग तुटलेल्या वायरवर चांगला फ्रिजही लावला तर अंगावर थोडं व्होल्टेज दिसतं आणि टेस्टरचा दिवा तेवढ्यानेही पेटतो. खरंच शॉर्ट असता तर आमच्या बोर्डाच्या अर्थिंगवर ट्रिप पडली असती, आणि ती एकदाही पडली नव्हती. माझ्यासमोर त्यांनी फ्रिज आमच्या बोर्डाला लावून टेस्टर टेकवला. अंधार.

नव्या कॉम्प्रेसरचं सांगितल्यावर ते टॉर्च घेऊन आडवे झाले. कॉम्प्रेसर बदलायचा तर नळ्या कापून नव्याने वेल्डिंग करावं लागतं, फिल्टर बदलावा लागतो, व्हॅक्यूम ओढून गॅस भरावा लागतो. आमच्या फ्रिजचे सांधे कारखान्यातले, फिल्टर कारखान्यातला, गॅस भरायच्या नळीचं दाबलेलं टोकही मूळचंच. काळा स्प्रे मात्र नळ्यांवर आणि खालच्या रबरी बुशांवरही उडाला होता. त्यांनी कोऱ्या स्टिकरची कड नखाने उचलली. खाली जुनं स्टिकर निघालं, त्याच्यावर २०१९. म्हणजे मे महिन्यात त्या दोघांनी एक हलका रिले टाकला, रंगाचा डबा फवारला, एवढंच. तो हलका रिले तीन महिन्यांत फुटला.

चाचांनी योग्य मापाचा रिले आणि ओव्हरलोड बसवला. सामान २८० रुपये, मजुरी २५०. जुने दोन्ही भाग न मागता माझ्या हातात ठेवले. लाइट गेली-आली की फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवायला सांगितलं, कारण रिलेची चकती निवायला वेळ लागतो आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट सारखी ये-जा करते.

त्या रात्री मी वॉरंटी कार्ड काढलं. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी होती. तो खरंच गेला असता तरी कंपनीने नवा दिला असता, मला फार तर मजुरी आणि गॅसचे पैसे पडले असते. कंपनीच्या खऱ्या नंबरवर विचारलं, तर तो मोबाइल नंबर त्यांचा नव्हताच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात इतक्या छोट्या रकमेच्या दाव्याला फी लागत नाही, पण नोटीस पाठवायची कोणाला? पावतीवर पत्ताच नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० वरही कळवलं. तिथे वेळेला किंमत असते, लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी थोपवता येण्याची शक्यता असते. मी तीन महिन्यांनी फोन केला होता. पैसे परत आलेले नाहीत.

तुमच्याकडे कुणी ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणालं, तर त्याला टेस्टर खाली ठेवून मीटर काढायला सांगा आणि तीन पिनांचे आकडे तुमच्यासमोर लिहायला सांगा. रिले बदलून पाहिला का, हे विचारा. फ्रिज घराबाहेर जाऊ देऊ नका. न्यावाच लागला तर आधी मागच्या बाजूचे, सांध्यांचे, स्टिकरचे फोटो काढा आणि जुना भाग परत हवा हे पैसे ठरवतानाच बोला. ‘गॅस संपला’ म्हणाले, तर गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नाही, तो गळतोच. नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, तो पेट घेतो. म्हणून अनोळखी माणसाला स्वयंपाकघरात वेल्डिंगची ज्योत पेटवू देऊ नका.

फ्रिजच्या मागे आता चाचांच्या हातचा एक कागद चिकटवलेला आहे. त्याच्यावर १४, २२, ३६ आणि तारीख. शेजारी कार्डावरचा कंपनीचा खरा नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, अण्णांना चष्म्याशिवाय वाचता येईल असा.