विकायच्या आधी घर रंगवून, घासून घेतलं त्याचा अनुभव, साडेतीन स्टार

नाशिकच्या इंदिरानगरचा आमचा जुना वन बीएचके, दुसरा मजला, हॉलला उत्तरेची खिडकी. पाथर्डी फाट्याला राहायला गेलो आणि हा विकायला काढला तर एजंट म्हणतो ताई आता पौष लागेल, पौषात टोकन कोणी देत नाही, तोवर घर जरा करून ठेवा, संक्रांत झाली की माणसं आणतो. म्हणून रंगकाम आणि डीप क्लीनिंग दोन्ही करणाऱ्या एकांना काम दिलं. नाव लिहीत नाहीये कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती अजून मिटलेली नाही.

आधी सफाई, कारण ती खरंच फर्स्टक्लास झाली. दिवाळीत मी स्वतः घर घासलं होतं त्यामुळे मनात म्हटलं हे काय वेगळं काढणार, पण स्लायडिंग खिडकीची खालची पट्टी आहे ना, त्यात त्या मुलाने जुना टूथब्रश घालून जो काळा गाळ काढला तो बघून मलाच लाज वाटली. आमच्याकडे बोअरचं पाणी, नळांवर क्षारांचा पांढरा थर बसलेला. मला वाटलं आता ॲसिड ओततील आणि नळाची चकाकी घालवतील, पण नाही, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात फडकी भिजवून नळांना गुंडाळून ठेवली अर्धा तास आणि मग नुसतं पुसलं, नळ नव्यासारखे. ते पाणी ओट्यावर सांडू नये म्हणून खाली प्लास्टिक अंथरलं, कारण कडप्प्यावर कुठलंही ॲसिड पडलं की पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. न सांगता एवढी काळजी घेणारे लोक कमी.

रंगाचं म्हणाल तर थंडीत रंगकाम म्हणजे घड्याळ बघून करायचं काम. पोरं साडेदहाला यायची, मला आधी वाटलं आळशीपणा आहे, तर सुपरवायझर म्हणाला ताई सकाळी भिंत गार असते, रंग धरत नाही, आणि चारनंतर हात मारला तर रात्रीच्या गारठ्यात वाळत नाही. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या त्याच आठवड्यात चालू होत्या त्यामुळे पटलं. पुट्टीला एक दिवस जास्त दिला, मग पॉलिश पेपर, प्रायमर, आणि वर दोन हात. हॉलची एक भिंत आम्ही हौसेने मरून केली होती, ती झाकायला मात्र तीन हात लागले, त्याचे पैसे वेगळे लावले, तेही आधी सांगून, त्यामुळे तक्रार नाही. मला ग्रे हवा होता पण तो म्हणाला उत्तरेचा हॉल आहे, हिवाळ्यात ऊन येतच नाही, ग्रे अजून काळा दिसेल, ऑफव्हाइट घ्या. घेतला. बरोबर होता तो.

आता तक्रार. बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून आहे तिथे पावसाळ्यात ओल यायची. मी पहिल्याच दिवशी दाखवली. त्यांनी हात लावला, म्हणाले वाळलीय, आणि पुट्टी ओढून मोकळे. बारा दिवसांत तिथे फोड आले, नखाने टोकरलं तर खपली हातात आणि मागे पांढरा खार. मग आमच्या प्लंबरमामांना बोलावलं. ते काही बोलले नाहीत, फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवला आणि उद्या बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब! म्हणजे वरून कोरडी, आतून ओलीच, बाथरूमच्या टाइल्सच्या जॉइंटमधून पाणी मुरतंय. आधी जॉइंट भरायचे, भिंत वाळू द्यायची, मग रंग, हे रंगवाल्यांना माहीत नसेल असं होऊच शकत नाही. फोन केला तर म्हणे थंडीमुळे होतं ताई. थंडीमुळे काय होतं?

नेमकं संक्रांतीनंतर पहिलं गिऱ्हाईक आलं, नवराबायको आणि सोबत त्यांच्या सासूबाई. ते दोघं गॅलरी बघत होते आणि सासूबाई सरळ त्या भिंतीशी गेल्या, तळहात टेकवला आणि काही न बोलता बाहेर आल्या. मी स्वतःच सांगून टाकलं काय झालंय ते आणि काम चालू आहे ते. लपवून काय मिळणार होतं, जूनमध्ये दिसलंच असतं त्यांना.

अजून एक, रंग झाल्यावर आम्ही थंडीमुळे खिडक्या बंद ठेवल्या आणि घरात वास कोंडला. अकरा ते चार सताड उघडं ठेवायला हवं होतं, हे त्यांनी जाताना सांगायला पाहिजे होतं. आणि घर दाखवायला माणसं दिवसाउजेडीच बोलवा, एजंटने एकदा संध्याकाळी साडेसातला आणली तर हॉल गार, अंधारलेला, पाच मिनिटांत निघून गेली. सकाळी अकराला आलेल्यांनी मात्र नळ सोडून बघितला, सोलरचं कडकडीत पाणी आलं, चेहराच बदलला त्यांचा.

कागदांचं पण याच महिन्यात उरकून घेतलं, इंडेक्स टू (म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), घरपट्टीची पावती, लाइटबिल, सोसायटीची एनओसी. एजंट म्हणतो 1 एप्रिलला रेडी रेकनरचे दर (ज्यावर स्टॅम्प ड्युटी धरतात ते सरकारी दर) बदलू शकतात म्हणून बरेच जण मार्चच्या आतच रजिस्ट्रेशनला बघतात, त्यामुळे जानेवारीत घर तयार पाहिजेच.

एकूण बिल 38 हजार झालं, त्यातले 5 हजार मी अडवून ठेवलेत. सफाईला पाचपैकी पाच, रंगाला तीन, त्या भिंतीला शून्य. जॉइंट भरून झालेत, कागद परत चिकटवलाय, आज तिसरा दिवस, अजून तरी थेंब नाही. रंगवाले शनिवारी माणूस पाठवतो म्हणालेत, आला तर इथे लिहीन.