नेपाळची ‘सेवा पाहणी’ ट्रिप, ९ दिवस, माणशी ७८ हजार: घ्यावी का?

आधी स्टार देऊन टाकतो, ५ पैकी अडीच. त्यातले दीड ड्रायव्हरचे आणि एक दालभाताचा, म्हणजे कंपनीच्या वाट्याला किती आले ते तुम्हीच बघा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण रिफंडचं बोलणं अजून चालू आहे, आणि तसंही अशी पॅकेजं विकणारे आता बरेच झालेत.

मी सरकारी खात्यात सिव्हिलचा ज्युनियर इंजिनिअर होतो, आता रिटायर. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती आणि पुढची चार वर्षं औसा-उमरगा पट्ट्यातच गेली, पुनर्वसनाच्या कामावर. तेव्हापासून डोक्यात होतं की रिटायर झाल्यावर वर्षातले दोनतीन महिने कुठल्यातरी भूकंपाच्या भागात जाऊन गवंड्यांना शिकवायचं. नेपाळ सोयीचं वाटलं, व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत, भाषा अर्धी कळते. पण उठलं आणि गेलं असं नको, आधी एकदा बघून येऊ म्हणून शोधत होतो तर ही ‘एक्सप्लोरेटरी ट्रिप’ सापडली. जाहिरातीत लिहिलेलं की जा, लोकांना भेटा, तुमची गरज कुठे आहे ते समजून घ्या आणि मग ठरवा. मला वाटलं हेच तर पाहिजे होतं. मी आणि बायको दोघांचे पैसे भरून टाकले.

पहिले दोन दिवस पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभूनाथ. छान आहे, पण हे तर कुठलाही टूरवाला निम्म्या पैशात दाखवतो.

तिसऱ्या दिवशी अनाथाश्रम. बसमध्येच माणशी २,००० चं ‘गिफ्ट किट’ घ्यायला लावत होते, चॉकलेटं, रंगपेट्या वगैरे. आम्ही दोघं उतरलोच नाही. बायको शाळेत शिक्षिका होती, ती म्हणाली दर आठवड्याला नवीन बारा माणसं येऊन पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढून जातात, पोरांचं काय होत असेल. काठमांडू खोऱ्यातल्या अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांच्या आईबापांपैकी निदान एक तरी जिवंत असतं, शिक्षणाच्या नावाखाली खेड्यातून आणलेली असतात, हे थोडं वाचलं तरी कळतं. कंपनीला माहीत नसेल असं मला वाटत नाही. यासाठी एक अख्खा स्टार कापला.

चौथा दिवस म्हणजे कळस. ‘स्थानिक सरकारी अधिकाऱ्यांशी चर्चा’ असं छापलेलं होतं, मी वही-पेन घेऊन तयार, आणि नगरपालिकेला कुलूप. कारण शनिवार! नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, हे तिथं रोज धंदा करणाऱ्या कंपनीला कळू नये? २५ एप्रिल २०१५ चा त्यांचा मोठा भूकंप, तिथले लोक ज्याला वैशाख १२ म्हणतात, तोही शनिवारीच झाला होता, सकाळी ११:५६ ला. शाळांना सुट्टी म्हणून कितीतरी पोरं वाचली. (आमचा किल्लारीचा पहाटे ३:५६ चा, विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. दोन्हीकडे ५६ मिनिटंच, उगाच आपलं लक्षात आलं.)

मग आम्हाला नेलं सिंधुपाल्चोकला, चौतारा. २०१५ मध्ये सगळ्यात जास्त माणसं याच जिल्ह्यात गेली, साडेतीन हजार. दोलालघाटला पूल ओलांडून वर चढायला लागलं की रस्ता असा आहे की कंबरपट्टा घेऊनच जा. तिथं काय काम होतं? शाळेची भिंत रंगवायची. रंगाचे १,५०० वेगळे. भिंतीचा पोपडा नखाने काढला तर खाली हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली निळा. म्हणजे आमच्यासारखे तीन ग्रुप तरी येऊन गेलेले. आणि गावातला पेंटर पायरीवर बसून आमच्याकडे बघत होता, आम्ही गेलो की ओघळ पुसून नीट हात मारायचं काम त्याचं. अहो त्यालाच द्या ना ते १,५००.

इथून पुढे ट्रिप सुधारली, पण त्यात कंपनीचा काही हात नाही. आमच्या ड्रायव्हर दाइंना (दाइ म्हणजे दादा) कळलं की मी बांधकामातला माणूस आहे. रंगकाम सोडून ते मला वरच्या एका वस्तीवर घेऊन गेले. किल्लारीत काय होतं, दोन-अडीच फुटी दगडाच्या भिंती मातीत रचलेल्या आणि वर माळवदाचं मातीचं ओझं, ते सगळं अंगावर आलं. इथं छप्पर त्यामानाने हलकं, पत्रा नाहीतर दगडी पाट्या, पण भिंती तशाच. भूकंपानंतर बांधलेल्या घरांना मात्र सिल लेव्हलला, लिंटेल लेव्हलला, म्हणजे खिडकीच्या खाली आणि वर, भिंत धरून ठेवणारे आडवे पट्टे व्यवस्थित फिरवलेले, कोपऱ्यात नीट बांधलेले. मी टेप लावून बघितलं, काम चोख होतं, आमच्याकडच्या भल्याभल्या कॉन्ट्रॅक्टरना जमत नाही इतकं.

पण घरं कशी, तर एक खोलीची. सरकारने घरामागे ३ लाख नेपाळी रुपये दिले, तीन हप्त्यांत, ५० हजार, दीड लाख, १ लाख, आणि दर हप्त्याला इन्स्पेक्शन. तेवढ्यात बसेल ते लोकांनी बांधलं, आणि आता त्यात मका आणि बकऱ्या. माणसं शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. मी तिथंच दगडावर बसलो. आम्हीही किल्लारीकडे जमीन किती त्यावरून २५०, ४०० आणि ७५० स्क्वेअर फूट अशी घरं वाटली होती, ओळीत, कॉलनीसारखी, आणि लोकांनी महिन्याभरात चूल बाहेर आणून पुढे शेड टाकली होती. तेव्हा आम्ही साहेब लोक त्यांच्यावर चिडायचो.

तिथं एक डकर्मी दिदी भेटल्या, डकर्मी म्हणजे गवंडी. गावातले पुरुष कतार, मलेशियाला, म्हणून भूकंपानंतर बायकांनाही ट्रेनिंग दिलं होतं. मी मोठ्या उत्साहाने माझा प्लॅन सांगितला, ड्रायव्हर दाइ मध्ये नेपाळीत समजावत होते. त्या हसल्या, आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतलं सर्टिफिकेट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तालिम त पाइयो, काम पाइएन.” भाषांतर करायची गरजच नव्हती. दगडाची घरं आता कुणाला नकोत, गल्फचा पैसा आला की सगळ्यांना सिमेंटचं ‘पिलर’ घर पाहिजे. खाली रस्त्याला अशी घरं चालू होती ती बघितली तर कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळया धरून ठेवणारी कडी, वितावितावर, इतक्या लांब लांब, आणि आत वळवायचे ते हूक सरळ काढलेले, ड्रॉईंग विचारलं तर मालक स्वतःचं डोकं दाखवतो.

म्हणजे मी जे शिकवायला येणार होतो ते या बाईंना माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि जिथं खरंच डोळा पाहिजे तिथं मला सही करता येणार नाही, त्यासाठी नेपाळ इंजिनिअरिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. कंपनीच्या गाइडला विचारलं तर तो म्हणाला, “सर तुम्ही वॉलंटियर म्हणून या, काही लागत नाही.” यांच्या भरवशावर उद्या एखादा डॉक्टर इथं येऊन प्रॅक्टिस करत बसायचा.

जेवणाबद्दल लिहायलाच पाहिजे. चौतारात एका घरी उतरलो होतो, दालभात, मुळ्याचं लोणचं आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या भाजीचा आंबटसर रस्सा, बायकोने रेसिपी लिहून घेतली. भात संपायच्या आत परत वाढतात, नको म्हणायला ताटावर हात आडवा धरावा लागतो. कोकणातल्या आत्याकडे गेल्यासारखं.

जाणार असाल तर विमानाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आमच्या ग्रुपमधले एक काका आधार घेऊन आले होते, मुंबईतूनच परत गेले, कंपनीने त्यांना सांगितलंच नव्हतं. भाव विचारताना आयसी की एनसी हे विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी, १०० आयसीचे १६० एनसी होतात. कंपनीचे सगळे ‘ऑप्शनल’ रेट नुसते रुपये म्हणून लिहिलेले आणि वसुली आयसीत, तिथंही हात मारलाच.

पैसे वसूल झाले का, तर वस्तीवरच्या त्या दोन तासांत झाले, बाकी साडेआठ दिवस फुकट. दसऱ्यानंतर परत जाणार आहे, स्वतःच्या तिकिटावर, ड्रायव्हर दाइंशी बोलणं झालंय. शिकवायला वगैरे नाही, रजिस्ट्रेशन असलेल्या एखाद्या तिथल्याच तरुण इंजिनिअरबरोबर पिलर घरं बघत फिरेन, त्याला चालत असेल तर. बायको म्हणते तुला घरात बसवत नाही एवढंच खरं.

शनिवारच्या कुलपाचे आणि रंगाचे पैसे परत मागितलेत, आले तर इथंच लिहीन.