हेवी डिपॉझिटवर चौदा महिने: कोपरखैरणेतला वन बीएचके

पाचपैकी साडेतीन. पुढचं घरही हेवी डिपॉझिटवरच, म्हणजे मोठी रक्कम मालकाकडे ठेवून नाममात्र भाड्यानं घेऊ, फक्त आधी मालक तपासू आणि टाइल्स, किचन ट्रॉली नंतर बघू.

व्यवहार असा: १२ लाख डिपॉझिट, महिना १,००० भाडं, मुदत २४ महिने. त्याच इमारतीत असाच फ्लॅट साध्या भाड्यानं १७,००० आणि ५०,००० डिपॉझिटला जातो. १२ लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत असते तर वर्षाला ७८,००० आले असते, म्हणजे महिन्याला ६,५००, तेही टॅक्सच्या आधी. म्हणजे घर साडेसात हजारांत पडतं. हेच १२ लाख ६० लाखांच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट म्हणून भरले, तर उरलेल्या ४८ लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ४१,६०० च्या पुढे हप्ता बसतो. नोकरदारांसाठी एक वजाबाकी: भाडं नाममात्र असल्यानं जुन्या करप्रणालीत एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सवलत जवळपास हातची जाते.

आता हाच हिशेब मालकाच्या बाजूनं मांडा. जास्तीचे साडेअकरा लाख हाती यावेत म्हणून तो महिना १६,००० सोडतो, वर्षाचे १,९२,०००. म्हणजे पावणेसतरा टक्के व्याज. घर तारण ठेवून बँकेत याहून बरंच स्वस्त कर्ज मिळत असताना हा माणूस तुमच्याकडे का आला? लग्न, दुकानाचं भांडवल, आधीच्या भाडेकरूचं डिपॉझिट फेडणं, किंवा बँकेनं दार लावलंय. पहिली दोन कारणं चालतात. तिसरं सर्रास आढळतं आणि ते याची टोपी त्याच्या डोक्यावर आहे: तुम्ही निघाल तेव्हा तुमचे पैसेही पुढचा भाडेकरू आला तरच मिळणार. चौथं असेल तर उठून यावं. एजंटला विचारलं तर ‘मालक एकदम फॅमिली माणूस आहे’ एवढंच उत्तर येतं.

थोडक्यात, तुम्ही बिनतारण कर्ज देताय. म्हणून टोकन देण्याआधी इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेट बघा, सोसायटीच्या सेक्रेटरीला बँकेच्या बोजाची नोंद आहे का ते विचारा आणि थोडी फी भरून सरसाईच्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंद) वेबसाइटवर शोध घ्या. कर्ज थकलं तर बँक सरफेसी कायद्याखाली ताबा घेऊ शकते. कर्जानंतर राहायला आलेल्याचा लिव्ह अँड लायसन्स करार तिला अडवत नाही आणि डिपॉझिटची जबाबदारीही तिच्यावर येत नाही. बाकी कर्ज डिपॉझिटपेक्षा कमी असेल तर मार्ग निघतो: बँकेचं येणे बाकीचं पत्र घ्या, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा, बोजा उतरल्याचं पत्र आल्यावर उरलेले पैसे मालकाला द्या.

घणसोली, गोठिवली, तळवलीच्या गावठाणातल्या इमारतींत डिपॉझिटचा आकडा बराच खाली येतो. पण बऱ्याच ठिकाणी ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, सोसायटी नाही, त्यामुळे वरचं काहीच तपासता येत नाही. दिवा, कळव्याच्या अनधिकृत चाळींचंही तेच. तिथं साधं भाडं द्यावं, लाखो रुपये अडकवू नयेत.

करार. यात सगळ्यात जास्त लोक फसतात. एजंट सुचवतो की नोंदणीकृत करारात एक लाख दाखवू आणि उरलेल्या अकराचं ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करू, स्टॅम्प ड्युटी वाचेल. ती वाचते किती? लिव्ह अँड लायसन्सला ०.२५ टक्के लागते आणि तीही डिपॉझिटवर नाही, तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दरसाल १० टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर. इथं २४ महिन्यांचं भाडं २४,००० आणि व्याज २,४०,०००, मिळून २,६४,०००. ड्युटी ६६०. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००. म्हणजे पाच-सहाशे वाचवायला अकरा लाख उघड्यावर ठेवायचे. खरी अडचण मालकाला पूर्ण रक्कम कागदावर नको असते, ही. पूर्ण रक्कम करारात, पैसे फक्त आरटीजीएस किंवा चेकनं, आणि यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक) किंवा चेक नंबर करारात छापलेला. मालक नाही म्हणाला तर ते घर घेऊ नका.

नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, दोन साक्षीदार लागतात. पण फॉर्ममधली ठरावीक कलमं तशीच राहू देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर राहणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई लागू शकते आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो. मालकाकडे पैसे नसतील आणि तुम्ही अडून बसलात, तर हेच कलम तुमच्यावर येतं. म्हणून स्वतंत्र कलम घाला: पूर्ण डिपॉझिट परत मिळेपर्यंत ताबा आमच्याकडे, आणि त्या काळाचं भाडं किंवा दंड नाही. त्यानं वाद मिटतोच असं नाही, पण तुमची बाजू कागदावर राहते.

सोबत मुदत संपण्याच्या तारखेचा, पूर्ण रकमेचा चेक घ्या. चेक लिहिलेल्या तारखेपासून तीनच महिने चालतो, मालकाच्या गोड बोलण्यात ते निघून जातात. वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तेही उलटले की एक महिन्याच्या आत तक्रार.

राहण्याचा अनुभव म्हणाल तर त्रास मेंटेनन्सचा. साध्या भाड्यात मालक येणाऱ्या भाड्यातून सोसायटीचं बिल भरतो. इथं त्याला दरमहा हजारच येतात आणि १२ लाख केव्हाच खर्च झालेले असतात. चौथ्या महिन्यापासून थकबाकी साचली, नोटीस आमच्या दाराला. बेडरूमच्या भिंतीला पावसाळ्यात ओल आली, त्याचंही तेच, ‘बघतो’. शेवटी लेखी ठरलं की मेंटेनन्स आम्ही थेट सोसायटीला भरायचा आणि तेवढी रक्कम डिपॉझिटसोबत परत मिळेल. हे करारातच हवं होतं, आणि दुरुस्तीचंही, समजा वर्षाला १५,००० पर्यंत. भाड्यानं दिल्याचा जादा आकार सोसायटी सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावू शकते. तो कोण भरणार तेही लिहा.

दुसरी गोष्ट पुनर्विकास. वाशी, कोपरखैरणेतल्या जुन्या सिडको इमारती असोत की ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, सोसायटीनं ठराव केलाय का ते आधी विचारा. ठाण्यात पालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. मुदतीच्या मध्येच घर सोडावं लागलं तर मालकानं एवढे पैसे आणायचे कुठून?

आमचे दहा महिने उरलेत. तीन महिने आधी ईमेलनं नोटीस जाईल, म्हणजे मालकाला नवा भाडेकरू शोधायला वेळ मिळेल. त्याला घर दाखवू देऊ, पण सामान हलवणार नाही. शेवटच्या दिवशी महावितरणचं आणि गॅसचं बिल भरून, मीटरचा फोटो काढून, बँकेत एकत्र बसायचं. आरटीजीएस खात्यात दिसलं की टेबलावर चावी. ‘आज चावी द्या, सोमवारी टाकतो’ याला नाही.